परक्या घराचा कारभारी

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाताना शिरूर मागे पडले, घोड नदी ओलांडली, की काही वेळाने सुपा लागते. पारनेर तालुक्यातले हे गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. शहाजीराजांच्या जहागिरीतले सुपे ते हे नव्हे. ते बारामती तालुक्यातले. पारनेरच्या सुप्याशी धागा जुळतो तो पवार घराण्याचा. याच पवारांच्या शाखा अठराव्या शतकात नर्मदा ओलांडून माळव्यात गेल्या आणि धार व देवास या संस्थानांच्या धनी झाल्या. होळचे होळकर इंदूरला गेले, कण्हेरखेडचे शिंदे ग्वाल्हेरला आणि दावडीचे गायकवाड बडोद्याला. दख्खनच्या कोरडवाहू मुलखातून निघालेली ही घराणी शंभरएक वर्षांत लाखो रुपये वसुलाच्या मुलखांवर बसली.

घोड्यावर बसून मुलूख मिळवता येतो, पण तो बसल्या जागी राखायचा तर दप्तर लागते. वसुलाचा आकार, तगाईची बाकी, शिलेदारांचे पगार, राणीवशाचा खर्च, देवस्थानांच्या नेमणुका आणि साहुकारांचे व्याज या साऱ्याची वही कोणीतरी लिहावी लागते. ती लिहिणारा तो कारभारी. घराण्याच्या धन्यांचे अश्वारूढ पुतळे चौकाचौकांत उभे राहिले. कारभाऱ्यांची नावे मात्र दप्तराच्या रुमालांत बांधलेली राहिली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील उमरावांच्या मोठमोठ्या जमीनदाऱ्याही अशाच कारभाऱ्यांच्या जिवावर चालत. खंड ठरवणे, कुळे राखणे, पाण्याचा निचरा आणि इमारतींची डागडुजी पाहणे, आणि धन्याच्या उधळपट्टीला हिशेबाच्या वहीतून लगाम घालणे, हे त्यांचे काम. हिंदुस्थानातील संस्थाने म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातल्या विस्तीर्ण जमीनदाऱ्याच होत्या, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती थोडी आणि सत्य पुष्कळ आहे. राणी व्हिक्टोरियाच्या काळात या कामात ज्यांचे नाव सर्वांत मोठे झाले, त्या राजा सर टी. माधवराव यांनी एकामागून एक तीन घराणी सांभाळली. त्यांतली दोन मराठ्यांची होती. पहिले मात्र दूर केरळच्या टोकाला होते.

माधवरावांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमचा. नावामागचा ‘टी’ हा तंजावरचा. व्यंकोजीराजांच्या मागोमाग कावेरीच्या खोऱ्यात जी देशस्थ कुटुंबे स्थिरावली, त्यांच्यापैकी हे एक. घरात तंजावरी वळणाची मराठी, बाहेर तमिळ, आणि दप्तरात जी भाषा धनी मागेल ती, अशी या कुटुंबांची रीत झाली होती. १७९९ साली सरफोजीराजांनी तंजावरचा मुलूख कंपनीच्या स्वाधीन केला आणि या दप्तरदारांच्या पिढ्यांना दरबार उरला नाही. लेखणी तेवढी उरली. ती घेऊन ते शेजारच्या संस्थानांत गेले. त्रावणकोरला त्यांचे विशेष बस्तान बसले. माधवरावांचे चुलते व्यंकटराव तेथे दोनदा दिवाण झाले होते. वडील रंगराव यांनीही ते पद भूषविले होते. म्हणजे परक्या घराचा कारभार हा या घरातला वारसाच होता.

मद्रासच्या सरकारी हायस्कुलात इ. बी. पॉवेल नावाचे गणिताचे विलक्षण शिक्षक होते. दक्षिणेतील कर्तबगार दिवाणांची एक पिढीच त्यांच्या वर्गातून बाहेर पडली. माधवराव त्यांचे लाडके शिष्य. शिक्षण संपल्यावर काही काळ त्यांनी पॉवेल यांच्या जागी गणित व भौतिकशास्त्र शिकवले, मग दोन वर्षे मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काढली. ही दोन वर्षे चरित्रकार सहसा एका वाक्यात उरकतात. पुढचा माधवराव ज्यांना समजून घ्यायचा आहे त्यांनी तसे करू नये. सरकारी जमाखर्च कसा मांडतात, शिल्लक खरी कोणती आणि कागदावरची कोणती, एका खात्याची रक्कम दुसऱ्यात दडवली तर ती कशी हुडकतात, हे त्यांनी पाहिले असेल तर या कचेरीतच. आजोबा-पणजोबांची मोडी लिपीतली वही आणि इंग्रजी अंदाजपत्रक या दोहोंचा सांधा त्यांच्या हातून जुळला.

१८४९ साली त्रावणकोरच्या दोन राजपुत्रांना शिकवण्यासाठी त्यांना बोलावणे आले. शिक्षक एकवीस वर्षांचा, थोरला शिष्य आयिल्यम तिरुनाळ सतरा वर्षांचा, धाकटा विशाखम तिरुनाळ बारा वर्षांचा. चार वर्षे ही शिकवणी चालली. पुढे माधवराव संस्थानच्या महसुली नोकरीत शिरले आणि १८५५ च्या सुमारास दक्षिण विभागाचे दिवाण पेशकार झाले. त्याच साली तंजावरचा राजा निपुत्रिक वारला आणि ते राज्य कागदोपत्रीही संपले. ज्या गावाचे नाव माधवराव आपल्या नावामागे लावत होते त्या गावाला आता राजा नव्हता.

त्रावणकोरवरही तीच वेळ येऊ घातली होती. तिजोरीत खडखडाट, नोकरांचे पगार कित्येक महिन्यांचे तुंबलेले, श्रीपद्मनाभस्वामी मंदिराच्या निधीतून काढलेले कर्ज डोक्यावर, आणि मद्रासहून कारभार सुधारा नाहीतर परिणामास तयार व्हा असे इशारे. डलहौसीचा काळ होता. अयोध्येचे राज्य गेलेले साऱ्यांनी पाहिले होते. अशात १८५७ च्या अखेरीस दिवाण कृष्णराव वारले आणि जेमतेम तिशीला टेकलेल्या माधवरावांकडे दिवाणगिरी आली. १८५८ साली ते त्या पदावर कायम झाले.

त्रावणकोरचे राजे स्वतःला पद्मनाभदास म्हणवीत. १७५० साली मार्तंड वर्मा यांनी सारे राज्य देवाच्या चरणी वाहिले आणि तेव्हापासून राज्याचा धनी देव आणि राजा त्याचा सेवक, असा संकेत होता. तेव्हा माधवराव हे कारभाऱ्याचे कारभारी ठरत. संकेत भक्तीचा असला तरी त्यातून एक व्यवहारी तत्त्व निघत होते. राज्य राजाच्या मालकीचे नसेल तर राज्याचा पैसाही राजाचा नव्हे. हिशेब नेटका ठेवू पाहणाऱ्या दिवाणाला याहून सोयीचे तत्त्व कोणते मिळणार?

पहिली काही वर्षे त्यांनी नवे काही उभारले नाही. मोडले मात्र पुष्कळ. काळ्या मिरीची खरेदी संस्थानच्या मक्त्यात होती. शेतकऱ्याने मिरी सरकारलाच विकायची, सरकार देईल त्या भावाने. भाव उतरले की सरकार बुडे, चढले की चोरटी निर्यात होई आणि तरीही सरकारच बुडे. १८६० च्या सुमारास हा मक्ता उठला आणि त्या जागी निर्यात जकात आली. तंबाखूचीही तीच कथा. सरकार तो बाहेरून आणून ठरावीक दुकानांतून चढ्या दराने विकत असे; त्यामुळे तस्करांचे फावे आणि पहाऱ्यावरच्या शिपायांचेही. माधवरावांनी मक्ता बंद करून आयात कर बसवला आणि तो टप्प्याटप्प्याने उतरवत नेला. कर कमी केला तर उत्पन्न घटेल ही भीती दरबारात सर्वांना होती. दर उतरला की चोरटा व्यापार परवडेनासा होतो आणि खुला व्यापार वाढतो, हे त्यांनी जाणले होते, आणि तसेच झाले. कितीतरी किरकोळ कर, ज्यांच्या वसुलीतच उत्पन्नाचा मोठा वाटा जाई, त्यांनी रद्द केले. १८६५ साली ब्रिटिश सरकार व कोचीन यांच्याशी करार होऊन सरहद्दीवरच्या बहुतेक जकाती उठल्या. मंदिराचे कर्ज फिटले, तुंबलेले पगार चुकते झाले. दरवर्षी राज्यकारभाराचा छापील अहवाल निघू लागला. आज अहवाल छापणे म्हणजे उपचार वाटतो. पण ज्या काळी संस्थानचा जमाखर्च हे राजाचे गुपित समजले जाई, त्या काळी तो छापून बाहेर देणे ही मोठी गोष्ट होती.

त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत टिकाऊ काम जमिनीचे. १८६५ च्या जाहीरनाम्याने सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना त्या जमिनींची पूर्ण मालकी मिळाली. विकण्याचा, गहाण टाकण्याचा, वारसाकडे देण्याचा हक्क मिळाला. १८६७ च्या जाहीरनाम्याने खासगी जमीनदारांच्या कुळांनाही अभय दिले. ठरलेला खंड भरणाऱ्या कुळाला जमिनीवरून हुसकावता येणार नव्हते. १८७५ च्या शिरगणतीत २३ लाखांहून अधिक वस्ती भरलेल्या या मुलखात या दोन कागदांनी केलेला फरक केरळचे इतिहासकार आजही मोजतात. एरवी धन्याचा वसूल वाढवणे हे कारभाऱ्याचे काम. येथे कारभाऱ्याने धन्याची मालकीच कुळाच्या हवाली केली, आणि वसूल घटला नाही.

मग बांधकामे आली. तिरुवनंतपुरमला सरकारी कचेऱ्यांसाठी भव्य इमारत १८६५ साली सुरू होऊन १८६९ साली उभी राहिली. इंजिनिअर विल्यम बार्टन यांनी रेखलेली ही इमारत म्हणजे आजचे केरळचे सचिवालय. १८६६ साली महाराजांच्या शाळेचे कॉलेज झाले. किनाऱ्यालगतचा जलमार्ग सलग व्हावा म्हणून वर्कला येथील टेकडीतून बोगदे खोदण्याचे काम सुरू झाले. ते पुरे झाले तेव्हा माधवराव तेथे नव्हते. १८६६ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. इंग्लंडच्या पार्लमेंटात हिंदुस्थानच्या खर्चावर तुटून पडणारे हेन्री फॉसेट यांनी त्यांची बरोबरी फ्रान्सच्या तुर्गो या अर्थमंत्र्याशी केली. पुढे पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेला येण्याचे आमंत्रण आले, तेव्हा मात्र समुद्रपर्यटन धर्माला मान्य नाही म्हणून त्यांनी नकार दिला. जकातींच्या बाबतीत कोणतीही जुनी रूढी न मानणारा हा माणूस स्वतःपुरत्या रूढी पाळत होता.

रूढींचा प्रश्न स्वतःपुरता नसे तेव्हा काय झाले, हेही सांगायला हवे. त्रावणकोरच्या दक्षिणेत शाणार, म्हणजे आजच्या नाडार, समाजातील स्त्रियांना उच्चवर्णीय स्त्रियांप्रमाणे छाती झाकण्याची मनाई होती. ख्रिस्ती झालेल्या स्त्रियांनी ती झुगारली, आणि १८५८ च्या अखेरीपासून त्यावरून दंगे पेटले. बाजारात स्त्रियांची वस्त्रे फाडली गेली, घरे व प्रार्थनामंदिरे जाळली गेली. नव्या दिवाणाने शांतता राखण्याच्या नावाखाली आधी जुन्या रिवाजाचीच पाठराखण केली. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेल्यन यांचा दाब आला तेव्हा, जुलै १८५९ मध्ये, छाती झाकण्यास मोकळीक देणारा जाहीरनामा निघाला. त्यातही उच्चवर्णीय स्त्रियांसारखे वस्त्र नेसू नये ही अट ठेवलीच. माधवरावांचे चाहते या प्रसंगाचे वर्णन संयम म्हणून करतात. तो संयम नव्हता. घरातल्या बलिष्ठांना न दुखवता घर चालवायचे ही कारभाऱ्याची सवय होती, आणि तिची किंमत घरातल्या दुबळ्यांनी भरली.

राजाचा आणि दिवाणाचा संबंध बाहेरून पाहणाऱ्यांना आदर्श वाटे. १८६० साली थोरला शिष्य आयिल्यम तिरुनाळ गादीवर आला होता. शिष्य राजा आणि गुरू दिवाण. बारा वर्षे हे चालले. पण राज्य आदर्श म्हणून नावाजले जाऊ लागले तेव्हा नाव कोणाचे, हा प्रश्न आलाच. लोक दिवाणाला वाखाणू लागले, इंग्रज रेसिडेंट दिवाणाशी बोलू लागले. राजाही चाळिशीला आला होता. त्याला आता शिक्षक नको होता. मनात कडवटपणा शिरला आणि १८७२ साली माधवरावांनी राजीनामा दिला. दरमहा १००० रुपयांचे निवृत्तिवेतन ठरले. त्यांच्या जागी आले शेषय्या शास्त्री, पॉवेल यांच्याच वर्गातले.

चव्वेचाळिसाव्या वर्षी माणूस निवृत्त होऊन मद्रासला आला. व्हाइसरॉयच्या कायदे मंडळातली जागा देऊ केली गेली, ती त्यांनी नाकारली. कायदे करण्यात त्यांना रस नसावा. त्यांना दप्तर हवे होते. १८७३ साली इंदूरहून बोलावणे आले. तेथे तुकोजीराव होळकर दुसरे राज्य करीत होते. हा राजा वेगळाच होता. त्याचे लक्ष प्रत्येक व्यवहारात असे; त्याने इंदुरात कापडाची गिरणी काढली, आणि खंडवा ते इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारलाच एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. एकशे एक वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने! अशा धन्याला दिवाण हवा असतो तो फक्त सही करायला. माधवरावांनी तेथे फौजदारी कायद्याचा मसुदा केला, काही शिस्त लावली, पण दोन वर्षांत सांगण्यासारखे फार घडले नाही. माळव्यात मराठ्यांची इतकी घराणी शेजारीशेजारी नांदत असताना, धार आणि देवासच्या पवारांच्या सीमेवर, मराठी बोलणारा देशातला सर्वांत नामांकित दिवाण जवळजवळ रिकामा बसून होता. १८७५ साली ते बाहेर पडले आणि त्यांचे चुलतबंधू रघुनाथराव त्या जागी आले.

बाहेर पडण्याचे कारण बडोदे. १८७० साली खंडेराव गायकवाड वारले आणि त्यांचे भाऊ मल्हारराव गादीवर आले. खंडेरावांनी ‘स्टार ऑफ द साउथ’ हा जगप्रसिद्ध हिरा घेतला होता, मोत्यांचा गालिचा विणवला होता. मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतवल्या. दादाभाई नौरोजी काही महिने दिवाण होते. त्यांनीही हात टेकले. नोव्हेंबर १८७४ मध्ये रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष सापडले. मल्हाररावांवर चौकशी आयोग बसला; तीन इंग्रज आणि तीन देशी सभासद. देशी सभासदांत जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण राजा सर दिनकरराव राजवाडे होते. दिनकरराव हे देवरुखचे, त्या काळातले दुसरे मोठे मराठी कारभारी. आयोगात फूट पडली. इंग्रज सभासदांनी दोषी ठरवले, देशी सभासदांनी आरोप सिद्ध झाल्याचे मानले नाही. सरकारने विषप्रयोगाचा मुद्दा बाजूला ठेवून गैरकारभाराच्या नावाने एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले आणि मद्रासला धाडले. एका दिवाणाने ज्या निकालाला संमती दिली नाही, त्याच निकालाने रिकाम्या झालेल्या वाड्यात दुसरा दिवाण मे महिन्यात शिरला. माधवरावांच्या चरित्रातील ही अवघड जागा आहे. बडोद्यातल्या पुष्कळ लोकांच्या लेखी ते साहेबाने आणून बसवलेले कारभारी होते.

खंडेरावांच्या पत्नी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या गायकवाडांपैकी बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला. २७ मे १८७५ रोजी तो सयाजीराव म्हणून गादीवर बसला. शेतावरून थेट राजवाड्यात आलेल्या या मुलाला अक्षरओळखही धड नव्हती. एलियट नावाचे इंग्रज अधिकारी त्याला शिकवू लागले आणि राज्य सांभाळू लागले माधवराव. सहा वर्षे अज्ञान राजाच्या नावाने सर्वाधिकार एका माणसाच्या हाती होते. कारभाऱ्याची खरी परीक्षा धनी लहान असतानाच होते. विचारणारे कोणी नसते.

बडोद्यात वसुलाचा इजारा चाले. परगण्याचा वसूल जो जास्त बोली देईल त्याला द्यायचा, आणि मग त्याने रयतेकडून काय काढले हे पाहायचे नाही. पैशाची ने-आण साहुकारांच्या पेढ्यांमार्फत. म्हणजे सरकारचा पैसा सरकारच्या हाती येण्याआधी व्याज सोडून येई. सरदार आणि शिलेदार कर्जात बुडालेले, घोडी कागदावर. माधवरावांनी इजारे मोडले, शेतसारा उतरवला, वसूल न होणाऱ्या जुन्या बाक्या सोडून दिल्या. संस्थानचा स्वतःचा खजिना उभा केला. न्यायखाते आणि पोलीस महसुलापासून वेगळे केले, शाळा आणि दवाखाने काढले. मल्हाररावांच्या काळात जप्त झालेल्या मालमत्ता, हिरावलेली वतने, न फेडलेली देणी यांचे हजारो दावे येऊन पडले. ते एकेक तपासून तोडणे हे वर्षानुवर्षांचे काम होते. यात शौर्य नव्हते. रोज सकाळी येऊन तेच कागद उलगडायचे होते.

सारे पटापट मोडून नवे करावे असे त्यांना कधीच वाटले नाही. सरदारांच्या नेमणुका त्यांनी फारशा छाटल्या नाहीत, दरबारातला खर्चिक थाट बराचसा राहू दिला. तरुणांना हा भित्रेपणा वाटे. त्यांचा हिशेब निराळा असावा. ज्या राज्यात नुकताच राजा उचलून नेला गेला आहे, तेथे आणखी कोणाला दुखावून चालणार नाही, इतका साधा. १८७७ च्या दिल्ली दरबारात त्यांना ‘राजा’ हा किताब मिळाला. राज्य कोठलेच नव्हते, फक्त किताब.

१८८१ साली सयाजीराव अठरा वर्षांचे झाले. राज्याची सूत्रे हाती देण्याआधी माधवरावांनी त्यांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती पुढे ‘मायनर हिंट्स’ या नावाने खासगी वापरासाठी छापली गेली. राजाला राजा कसे व्हावे हे शिकवणारी पुस्तके आपल्याकडे महाभारतातील शांतिपर्वापासून आहेत. पण हे पुस्तक शांतिपर्वाहून जमाखर्चाच्या अधिक जवळचे आहे. राजवाड्याच्या खर्चाला वार्षिक मर्यादा हवी आणि ती राजाने स्वतः पाळावी. राजाची खासगी तिजोरी आणि राज्याचा खजिना यांच्यातली भिंत मोडू नये. खुशमस्कऱ्यांना दूर ठेवावे. अधिकार खालच्यांना वाटून द्यावेत, प्रत्येक कागद आपल्यापुढे मागवू नये. इंग्रज सरकारशी भांडावे लागले तर कागदावर, सभ्य भाषेत आणि पुराव्यानिशी भांडावे. मल्हाररावांचे नाव पुन्हा पुन्हा घेण्याची गरजच नव्हती. ऐकणारा मुलगा त्यांच्याच रिकाम्या जागी बसला होता.

२८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना संपूर्ण अधिकार मिळाले. नऊ महिन्यांनी, सप्टेंबर १८८२ मध्ये, माधवराव बडोद्यातून निवृत्त झाले. तरुण राजाला सारे स्वतः पाहायचे होते, खेडोपाडी फिरायचे होते, खात्यांची झाडाझडती घ्यायची होती; जुन्या दिवाणाला हा वेग आणि ही ढवळाढवळ मानवणारी नव्हती. अधिकार वाटून द्यावेत हा धडा ज्याला शिकवला त्याने पहिल्यांदा शिक्षकाचेच अधिकार काढून घेतले. त्रावणकोरचीच कहाणी, फक्त या वेळी बारा वर्षांऐवजी नऊ महिन्यांत. तीन लाख रुपयांची बिदागी देऊन त्यांना सन्मानाने निरोप देण्यात आला. दिवाणगिरी काझी शहाबुद्दीन यांच्याकडे गेली. सयाजीराव पुढे ज्या उंचीला पोहोचले त्याचे श्रेय त्यांचे स्वतःचे. पण आरंभी त्यांच्या हाती जो खजिना आला तो कर्जमुक्त आणि शिलकीचा होता, हेही तितकेच खरे.

मद्रासच्या घरी पुस्तके आणि वर्तमानपत्रे होती. टोपणनावाने ते लेख लिहीत. मुलांच्या संगोपनापासून राजकारणापर्यंत विषय कोणताही चाले. मलबारच्या जमीनधाऱ्याची चौकशी करणाऱ्या आयोगाचे ते अध्यक्ष झाले आणि पुन्हा कुळांच्या बाजूने झुकले. १८८७ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे तिसरे अधिवेशन मद्रासला भरले, तेव्हा स्वागताध्यक्ष माधवराव होते. लवकरच सभेची भाषा त्यांना फार घाईची वाटू लागली आणि ते दूर झाले. आयुष्यभर कागदावर सभ्य भाषेत भांडलेल्या माणसाला मंडपातले भांडण परवडणारे नव्हते.

जानेवारी १८९१ मध्ये त्रावणकोरच्या महाराजांना एक अर्ज सादर झाला. मल्याळी मेमोरियल म्हणून तो प्रसिद्ध आहे. हजारो सह्या असलेल्या या अर्जात तक्रार होती ती संस्थानातल्या मोठ्या नोकऱ्या बाहेरून आलेल्या परक्या ब्राह्मणांच्या हाती आहेत आणि भूमिपुत्रांना त्यांत स्थान नाही, ही. तक्रार रास्त होती. तिचा रोख ज्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या रिवाजावर होता, त्यांत माधवराव, त्यांचे वडील आणि चुलते असे सगळे घराणेच येत होते. डिसेंबर १८९० मध्ये माधवरावांना पक्षाघाताचा झटका आला होता. ४ एप्रिल १८९१ रोजी मद्रासला ते वारले.

तिरुवनंतपुरममध्ये सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे. अंगात झगा, डोक्यावर पागोटे, तोंड त्यांनीच बांधवून घेतलेल्या इमारतीकडे. केरळला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या गाड्या बहुधा तेथून न थांबता पुढे कोवळमच्या किनाऱ्याकडे जातात. पुतळ्यामुळे त्या चौकाला ‘स्टॅच्यू’ असे नाव पडले आहे. बसथांब्याचे नावही तेच, नुसते ‘स्टॅच्यू’.